एलीमचे सत्तर माड

त्र्याऐंशी साली हनोखभाऊ पेझारकर भायखळ्याची खोली सोडून बोरीवलीच्या सोसायटीत आले, ते अगदी खुशीत. बायको सिप्पोराबाईंचं मात्र तोंड फुगलेलं. ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणत. ती मशीद तिकडे राहिली, नात्यातली माणसं तिकडे राहिली. बाईंनी भावाला कळवूनही टाकलं, रविवारी मला न्यायला ये.

आली का पंचाईत? हनोखभाऊंनी धर्मपुस्तक काढलं. मिसरातून निघालेल्या आपल्या पूर्वजांचे बेचाळीस मुक्काम मोशेने नावानिशी लिहून ठेवलेत, तो अध्याय त्यांचा भारी लाडका. स्वतःचं आडनावही अलिबागेकडच्या पेझारी गावावरून आलेलं. नावाशिवाय गाव कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाईंना समजावलं, पाणी कडू लागलं त्या जागेला लोकांनी मारा म्हटलं, मारा म्हणजे कडू. पण पुढचाच मुक्काम एलीम. तिथे बारा झरे आणि सत्तर माड.

"मग माझा मारा हाच," बाई म्हणाल्या. "नळाला गंज येतो. एलीम दाखवा, राहते."

झालं. भाऊ शेजारच्या गुणाजींना घेऊन माड मोजत सुटले. गुणाजी मालवणचे, गिरणी सुटल्यापासून घरीच. चार झाडं झाली की भांडण.

"ह्यो माड न्हय, ताड आसा," गुणाजी म्हणत, आणि एक आकडा कमी होई.

या दोघांच्या मोजणीवर विश्वास कोण ठेवणार? गुरुवारी बाई स्वतःच निघाल्या, सोबत गुणाजींची बायको मालन, मागून हे दोघे. एका जुन्या वाडीत एकेचाळिसावा माड लागला आणि बाई थबकल्या.

"अहो, पुस्तकात माड कुठेत? खजुरी आहेत ना?"

भाऊंचा आ वासला. जन्मभर तो अध्याय वाचला, पण डोळ्यांपुढे पेझारीची वाडीच उभी राहायची. खजूर कधी दिसलाच नव्हता. गुणाजी तर हसून हसून खाली बसले.

मालनने वाडीतल्या विहिरीचं गोड पाणी शेंदून दिलं. बाई तांब्याभर प्यायल्या आणि त्यांनाही हसू फुटलं. मग दोघी बांधावर टेकल्या. आमच्या धर्मात खवल्यांचाच मासा चालतो असं बाईंनी म्हटल्यावर, ताजा रावस कुणाकडे मिळतो ते मालनने सांगितलं, उद्या सोबत यायचंही कबूल केलं. तासभर गप्पा चालल्या.

मालिदा म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या नावाने आभाराचा गोड पोह्यांचा नैवेद्य, हे मालनला सांगून उठताना बाई भाऊंना म्हणाल्या, "रविवारी एलियाहू हनाबीच्या नावाने मालिदा करू. भावाला सांगा, पोहे-नारळ घेऊन ये. न्यायला नको, जेवायला."