अजून थोडा खरखरीत

उत्तर लंडनमधल्या एका छोट्या लॅबमध्ये मझल माणसांच्या कानांचे मोल्ड करायची. श्रवणयंत्राचा जो तुकडा कानात बसतो ना, तो. ज्याच्या त्याच्या कानाच्या ठशावरून ओतायचा, घासायचा आणि शेवटी स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचा. जरा टोचला की परत घासायला. मग धुऊन पाकिटात. मुंबई सोडून आल्यापासून तिनं दुसरं काम केलंच नव्हतं.

नवरा हाईम गेला आणि घरातली मराठी संपली. मुलगा जोश मँचेस्टरला; रविवारी फोन करी, पण ही मराठीत सुरू झाली की “मम, स्लोली” म्हणे. सिनेगॉगमधल्या तिच्या वयाच्या बायकाही आता गुडघेदुखी इंग्रजीतच सांगत. मझलला इंग्रजी येत नव्हतं असं कोण म्हणेल? इंग्रजीत ती तिथल्या पालिकेशी, कौन्सिलशी कडाकडा भांडायची. रडायला मात्र तिला मराठी लागे, आणि मराठीत रडायचं तर ऐकणारं कोणी नको का?

२००४च्या सुमारास लॅबमध्ये क्वालिटी सिस्टिम आली. क्वालिटी मॅनेजर हिलरीनं भिंतीवर तक्ता लावला: कुठलं काम कोणाकोणाला येतं. फिनिशिंगसमोर, म्हणजे शेवटच्या घासकामासमोर, एकच नाव होतं.

“मझल, यू फॉल इल, मग?” असं काहीसं हिलरी म्हणाली.

“मी आजारी पडत नाही,” मझलनं ठणकावलं.

पण ऑडिटरपुढे असलं उत्तर चालत नाही. म्हणून हॅरोची तनिषा शिकायला आली. मझलचं ‘कर’नं संपणारं आडनाव कोणीतरी तिला आधीच सांगितलं असावं. पहिल्याच दिवशी म्हणाली, “नमस्ते आन्टी. माझा आजी पण मराठी आहे.”

मझलनं मशीन बंद केलं. “माझी आजी,” ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवताही येईना.

नियम असा होता की परीक्षेत पास होईपर्यंत शिकाऊनं शिकवणारीच्या शेजारी बसायचं. परीक्षा घेणारीही मझलच. पास झालं की वरच्या मजल्यावर नवं टेबल. मग काय, घासता घासता गप्पा. मझलनं डब्यात मलिदा आणला, गोड पोहे आणि खोबरं; आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन आम्ही हे करतो म्हणाली. तनिषानं बोटं चाटली. “आन्टी, तुम्ही ज्यू, मग इतकी छान मराठी कशी?” “अगं, आम्ही कोकणातले! तुझी मराठीच परदेशी आहे,” मझलनं टोला हाणला.

पहिल्या परीक्षेत तनिषा नापास झाली, आणि ते रास्त होतं. कडा टोचत होती. दुसऱ्या वेळी मझलनं मोल्ड गालावरून फिरवला. लोण्यासारखा मऊ. तिनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

“अजून थोडा खरखरीत आहे, पोरी,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा नापास झाली तर नोकरी जाईल, असं हिलरीनं सांगितलं. दुपारी तनिषा डब्यासमोर नुसती बसून राहिली. “युनि सोडली, आता हे पण नाही जमत. आन्टी, मी डंब आहे का?”

त्या संध्याकाळी मझलनं भात तसाच झाकून ठेवला. हाईम असता तर तोंडावर म्हणाला असता, बाई, तू आपल्याच पोळीवर तूप ओढलंस, आणि तेही लेकराच्या ताटातलं. त्याचं खरं होतं.

तिसऱ्या परीक्षेला मझलनं तिला पास केलं. हिलरी गेल्यावर म्हणाली, “मागचा मोल्डही चांगला होता. मी खोटं बोलले. तू वर गेली असतीस ना, म्हणून.”

तनिषानं पिशवी उचलली आणि ती वर गेली. त्यानंतर कधी जिन्यात भेटली की “हाय, मझल” म्हणे. त्यातली आन्टी गेली होती. मझल डबा एकटी खायची, आणि मलिदा तिनं पुन्हा केला नाही. कोणासाठी करायचा?

वर्ष उलटलं. सिस्टिमच ती, शिकवणाऱ्यांचीही दरवर्षी परीक्षा, आणि पास होईपर्यंत शेजारी बसायचा नियमही तोच. आणि फिनिशिंगची परीक्षा घेऊ शकेल अशी लॅबमध्ये आता एकच दुसरी व्यक्ती होती.

तनिषा कागद घेऊन हातभर लांब उभी राहिली. परीक्षेत बोलायचं नसतं. मझलनं मोल्ड घासला, गालावरून फिरवला, पुढे केला. इतका गुळगुळीत मोल्ड तिच्या हातून बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तनिषानं तो आपल्या गालावरून फिरवला, सावकाश, जशी शिकली होती तशी. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“अजून थोडा खरखरीत आहे, आन्टी,” ती म्हणाली. “नेक्स्ट वीक मला परत इथे बसावं लागेल. डबा आणू?”