आवाज न आलेली ओळ

भूत, करणी, कौल... यातलं काहीही मी मानत नाही. मानणाऱ्यांशी जाहीर भांडलेय. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. तरी लिहिते, कारण व्हिडिओ माझ्याच मोबाईलमध्ये आहे.

आमचं गाव शिरगाव. माझी आतेबहीण वैशालीताई आमच्याच आळीत भाड्याने राहते आणि बोईसरच्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. काम काय, तर विषाणू वापरून माणसाच्या पेशींतले जीन गप्प करायचे! ऐकून माझं डोकंच फिरलं. तारापूरच्या कारखान्यांच्या नाल्यांचा वास कमी होता म्हणून आता हे?

ताईने समजावलं. "पेशी प्लेटमध्ये वाढवलेल्या असतात गं. विषाणूची वाढायची ताकद काढून घेतलेली. तो नुसता टपाल्या. जीन जागच्या जागीच राहतो, फक्त त्याचा निरोप पुढे जात नाही. मग कळतं, तो जीन काय काम करत होता."

"आणि कचरा?"

"वाफेवर निर्जंतुक करून मग बाहेर."

"कागद दाखव."

"मी टेक्निशियन आहे बाई, मालक नाही."

मी पत्रक काढलं. कचऱ्याच्या नोंदी जाहीर करा — मागणी रास्तच होती. पण पत्रकाला धार हवी, म्हणून एक ओळ वाढवली: 'इथले कर्मचारी अंगावर विषाणू घेऊन रोज गावात येतात.' आधार शून्य. ताईने वाचलं. "ही मीच ना?"

"पर्सनली घेऊ नकोस," मी म्हटलं.

तिची घरमालकीण रमाकाकू सांगून बसली होती — रविवारच्या सभेत तुझं पत्रक ऐकते, मग हिला खोलीत ठेवायची की नाय ते बघते.

रविवार, सकाळी अकरा, समाजमंदिर. मोबाईल स्टँडवर लावून मी पत्रक खणखणीत वाचत गेले. ती ओळही वाचली. शपथेवर सांगते, वाचली.

"थांबलीस का गो?" रमाकाकू.

"वाचलं की!"

"नाय वाचलंस. नुसतं तोंड हालवतेस, मासोळीवानी."

हशा. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. माइक बाजूला ठेवून ओरडले... तेच. पुढची ओळ मात्र थेट शेवटच्या रांगेपर्यंत! भिंतीशी उभी ताई एकटीच हसत नव्हती.

शेवटी म्हटलं, "ती ओळ खोटी आहे. काही माहीत नसताना मी लिहिली." हे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग छापलीस कशाला?" रमाकाकू कडाडली. ताईची खोली वाचली.

व्हिडिओत माझे ओठ हलतात, पंखा घरघरतो, बाहेर कावळा ओरडतो. माझा आवाज नाही.

ताईने बघून एवढंच विचारलं, "कंट्रोल घेतलास?" त्यांच्याकडे एका प्लेटला नेहमी निरर्थक निरोपवाला विषाणू देतात, तुलनेसाठी. मग मीही तेवढ्याच लांबीची निरर्थक ओळ तिच्यासमोर म्हटली. ऐकू आली. मग पत्रकातली ती ओळ म्हटली. गेली. तीच एकटीने खोलीत रेकॉर्ड केली तर स्वच्छ आली! पालघरला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. घसा ठणठणीत.

कचऱ्याचा कागद मी अजून मागतेच आहे. फक्त पत्रकाची प्रत्येक ओळ आधी ताईसमोर मोठ्याने वाचते आणि ऐकू आली का म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते. खोटी ओळ गेली तर जाऊ दे... एखाद्या दिवशी खरी गेली तर?