डावी पाकळी

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी बाटल्यांना लेबलं चिकटवतो. म्हणजे चिकटवतं यंत्र. ते रुसलं की मला बोलावतात. मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेऊन आलो तेव्हा वाटलं होतं, यंत्रं घडवू. इथे ती घडूनच येतात, आपण फक्त त्यांची तब्येत राखायची. पावसाळ्यात हवा दमट झाली की लेबलाचा कोपरा उचलतो आणि साहेब माझ्याकडे असा बघतो, जसा काही पाऊस मीच पाडला.

पण त्या उचललेल्या कोपऱ्यानेच मला नादी लावलं. ओल्या पृष्ठभागाला पातळ वस्तू का धरून राहते आणि का सोडते, यावर मी वाचू लागलो, घरामागच्या शेडमध्ये प्रयोग करू लागलो. एका परिषदेत निबंध वाचला. तो ऐकून दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेने मला शिष्यवृत्ती देऊन पूर्णवेळ बोलावलं. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झाला नाही, हे सरळच सांगतो.

हळर्णला आमच्या घरी लग्न असो, विहीर असो, छपराचं काम असो, आधी देवाला कौल लावायचा. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो, आपला प्रश्न गाऱ्हाण्यात घालून देवापुढे मांडतो, आणि मग सगळे हात जोडून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबा काजूची बाग बघतात, व्यवहाराला पक्के. पण कौलाशिवाय वासरूसुद्धा विकणार नाहीत. माझ्या जाण्याची गोष्ट निघाली तसे ते देवळात निघाले. मीही गेलो, पण आत नाही. चिकटण्यावर निबंध वाचलेला माणूस पाकळी कधी पडते ते बघत बसणार? मी अंगणात मोटरसायकलला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

"डावो दिल्यान," एवढंच म्हणाले. मी काही न विचारता मोटरसायकलला किक मारली.

मी गेलो नाही. संस्थेला कळवून टाकलं की घरची अडचण आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस मी रगड्याच्या काळ्या दगडावर पाकळ्या ओल्या करून चिकटवत होतो. वारा लागतो त्या बाजूची आधी सुकते आणि आधी पडते. आमच्या गाभाऱ्याचा झरोका देवाच्या डाव्या अंगाला आहे. म्हणजे नकाराचं पारडं मुळातच जड! आईने ते उद्योग पाहून विचारलं, "देवाची परीक्षा घेतस?" मी म्हटलं, "देवाची नाय, झरोक्याची."

कौल कसा खोटा ते असं सप्रमाण सिद्ध करून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तुयेला लेबलं चिकटवायला गेलो. सकाळी हळर्ण ते तुये, संध्याकाळी तुये ते हळर्ण. घाण्याचा बैल निदान तेल तरी गाळतो. बाबांशी मी भांडलो नाही. जेवताना भात वाढायचो, औषधं आणून द्यायचो, आणि मनात म्हणायचो, तुमच्या देवाने मला दावणीला बांधलं. वर्षं तशीच गेली.

जीव थोडा रमतो तो चवथीच्या चलचित्रात. आमच्याकडे गणपतीपुढे हलता देखावा करायची हौस भारी. हरमलला टुरिस्टांना भाड्याने देऊन खिळखिळ्या झालेल्या गाड्या गॅरेजात पडलेल्या असतात; त्यांच्या वायपरच्या मोटरी मी आणतो आणि त्यांवर देव, दैत्य, हत्ती, सगळ्यांना नाचवतो. कारखाना मला जे करू देत नाही ते गणपती करू देतो.

यंदा कालियामर्दन घेतलं होतं. चवथीच्या आधीचा रविवार, भर दुपार. नागाचा फणा वर जायचा आणि तिथेच अडकून थरथरायचा. मी टेबलाखाली आडवा, बाबा शेजारी उकिडवे बसून टॉर्च धरलेले. तिसऱ्यांदा फणा अडकला आणि माझं डोकं फिरलं.

"ती पाकळी पडली नसती तर आज मी प्रयोगशाळेत आसतंय," मी म्हटलं. "हय नागाक तारा बांधीत बसलंय नसतंय."

"खयची पाकळी?" बाबांना खरंच आठवेना.

"माझ्या जावच्याची. तुमीच इचारलास मां देवाक, ह्येणा जावचा काय नको?"

बाबांनी टॉर्च जरा खाली केला. मग म्हणाले, "तुझा मी कित्याक इचारू? तू खय कौल मानतस? तू जातलस ह्या माका ठावकच होता. तू गेल्यार आमचा दोघांचा निभतला काय, इतक्याच इचारलंय. डावो दिल्यान. म्हटला, दोघांक जमाचा नाय, गडी ठेवूक होयो. बागेक गडी बघून ठेवलेलंय मी. तुझ्यासाठी नवी बॅग आणूक पेडण्याक जातंय म्हणतंय, तर तू सकाळी उठान कामार गेलस."

मी टेबलाखालून बाहेर आलो नाही. तिथून त्यांचे फक्त गुडघे दिसत होते, आणि हलणारा उजेड.

"कौल तू मानणस नाय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. इतकी वर्षं न कळलेली गोष्ट माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "मगे तू हय रवलस कित्याक? गेलस कित्याक नाय?"

देवाला, झरोक्याला, त्यांना, सगळ्यांना द्यायची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. मी नागाची तार पुन्हा हातात घेतली.

"बाबा," मी म्हटलं, "उजेड हय धरा."