छातीवरचा पट्टा

मानवतच्या जिनिंगमध्ये आई आठ हंगाम कापसाच्या धुळीत राबली. चार एकर कोरडवाहूत घराचं भागत नव्हतं. सुटीनंतर कामावर गेली की पहिल्या दिवशी तिची छाती आवळून यायची. तिथल्या बाया तोंडात गुळाचा खडा धरत. गुळानं धूळ खाली उतरते म्हणे. गूळ संपायचा, धूळ आतच राहायची.

त्या हिवाळ्यात नामांतराच्या आंदोलनामुळे कॉलेज बंद होतं, म्हणून मी घरी होते. जिनिंगमध्ये शहरातले डॉक्टर तपासणीला येणार, असं कळलं. त्यांच्याकडे म्हणे कापडी पट्टा होता, आत रबरी नळी शिवलेली, ती एका यंत्राला जोडलेली. तो लुगड्यावरून छातीला बांधला की श्वासागणिक त्या यंत्राची सुई कागदावर रेघ ओढायची. जिचा दम कमी भरेल तिला कामावरून काढणार, अशी कुजबुज सुरू झाली.

मी कॉलेजात शिकलेली, म्हणजे दीडशहाणी. दोन दिवस आईला समोर बसवून शिकवलं. सावकाश ओढ, पोट फुगव, खोकला आला तर गूळ चघळ. तपासणीला मीही सोबत गेले. मुकादम पट्ट्याशेजारीच उभा. आईनं सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. डॉक्टरांनी विचारलं, "सुटीनंतर छाती भरून येते का?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मीच म्हणाले, "नाही हो, तिला काही त्रास नाही."

संध्याकाळी यादी लागली. ज्यांचा दम कमी भरला त्यांना बाहेरच्या मोकळ्या शेडमध्ये पोती शिवायला बसवणार होते, आहे त्याच रोजावर. पट्टा बांधल्या बांधल्या खोकत सुटलेल्या शेजारच्या काकूचं नाव यादीत होतं. आईचं नव्हतं.

वाटेत मला रडू कोसळलं. आई म्हणाली, "तुला काय म्हाईत, बाई? मला बी तसंच वाटलं. ऱ्हाऊ दे, मला धुळीची लय सवय हाय." त्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

तीन हंगामांनी ती गेली. शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून श्वास ओढायची. मी मुकादमाला शिव्या देते, मालकाला देते, चारचौघांत देते आणि लोक माना डोलावतात. पण यादी लावून डॉक्टर लगेच गेले नव्हते. आणखी दोन दिवस ते गावातच होते. त्यांना खरं सांगायचं, तर आधी मीच खोटं बोलले हे कबूल करावं लागलं असतं. मी गेले नाही.