पुस्तकात मेली, पडद्यावर जगली

पहिलं रीळ संपत आलं तरी म्हातारी मेली नव्हती. मी माईक धरून उभी होते. समोर निलंग्याच्या गोदामात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया बसलेल्या. म्हातारी मरणार, हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते.

म्हातारी म्हणजे पाणमांजर. नदीत राहणारं, मुंगसासारखं लांबट जनावर. सिनेमा कार्टूनचा होता, सगळी जनावरं चितारलेली. भाषा इंग्रजी. अशा वेळी मशीनचा आवाज बारीक करतात आणि बाजूला एक जण माईकवर मराठीत सांगत जातो. ते काम माझं. शाळा चौथीपर्यंत. आवाज खणखणीत म्हणून सरकारी प्रचाराच्या कलापथकात गाणी म्हणायला लागले, निवेदन नंतर गळ्यात पडलं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादच्या ऑफिसातली माणसं वाटून घेणं चाललं होतं. पर्मनंट लोकांना काळजी नव्हती. मी टेम्पररी. नव्या जिल्ह्यात कोणाला घ्यायचं हे ठरवणारे मोठे साहेब त्या दुपारी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी नाही म्हटलं तर मला रोजानं जावं लागणार, आणि पाऊस नसल्यामुळं रानात रोजगार नव्हता. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं. म्हणजे मीही या बायांत हातोडा घेऊन बसणार. एवढं साधं होतं.

आमची एक रीत होती. सिनेमा लावायच्या आधी सार सांगायचं. कोण कोणाचं, वाटेत काय घडतं, शेवट काय, सगळं. न सांगता सुरू केलं तर लोक एकमेकांना विचारत बसतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. सिनेमाच्या रिळांची पेटी नांदेडहून एसटीनं यायची होती. ती वेळेवर येईना. म्हणून आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मूळ कादंबरीचं मराठी पुस्तक आणून दिलं.

"बाई, गोष्ट हीच आहे. वाचा आणि तयारी करा."

मी अक्षर लावून वाचते, पण पूर्ण वाचते. नदी आटते. म्हातारी पाणमांजर सगळ्या कुटुंबाला घेऊन लांबच्या तळ्याकडं निघते. एक कुत्रं मागं लागतं. तळं दिसायच्या आधी म्हातारी मरते. बाकीची पुढं जातात. मी हेच सार सांगितलं. पेटी आली तेव्हा बाया बसून झाल्या होत्या. ऑपरेटर रहीमभाईंनी ती तशीच मशीनवर चढवली.

आणि पडद्यावर पहिल्यांदा आला एक बेडूक, नाचत. पुस्तकात बेडूक नव्हताच. पुढं चालायला एक तरणा नर, म्हातारी सगळ्यांच्या मागं. तिला ठेच लागली की बाया पदर डोळ्यांना लावायच्या आणि ती उठून परत चालायला लागायची.

पुढं बसलेल्या बायांतली कोंडाबाई ओरडली, "अगं, मरती कवा ती? आम्ही पदर हातात घिऊन बसलाव!"

रीळ संपलं. दुसरं चढवायला वेळ लागतो, तेवढा वेळ दिवा लावतात. रहीमभाई म्हणाले, "बाई, पेटी बराबर है. किताब अलग, पिच्चर अलग." तोवर आमचे साहेब आलेच.

"काय सांगून ठेवलंय तुम्ही? मोठे साहेब विचारतायत, ती मरणार होती ना?"

"पुस्तकात मरते, साहेब."

"आणि इथं?"

"मला काय माहीत? मीबी आत्ताच बघायले."

"आता आपल्या मनाचं एक अक्षर बोलू नका. दिसतं तेवढंच सांगा."

दिवा मालवला. दुसऱ्या रिळात म्हातारी पडली ती उठेना. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं. गेली." तेवढ्यात म्हातारी शिंकली. पिल्लांनी तिला पाठीवर घेतलं आणि गाणं सुरू झालं. बाया माझ्याकडं बघायला लागल्या, पडद्याकडं कोणी बघेना. आता गप्प बसले तर मी खोटी ठरत होते, आणि पुढचं कोणी ऐकणार नव्हतं.

मी म्हणाले, "ऐका गं. पुस्तक लिहिणाऱ्यानं हिला इथंच मारली. सिनेमावाल्यानं उचलली. मी पुस्तक वाचून आले, सिनेमा तुमच्यासंगं बघायले."

कोंडाबाई म्हणाली, "पिल्लं उचलत्यात व्हय? आमची पोरं पुण्याला गेली, आमाला न्हाई कुणी पाठीवर घेतलं!"

बाया हसल्या. मग प्रश्न सुरू झाले. बेडूक कुठनं आला? मी म्हणाले, पोरं हसावीत म्हणून आणलाय. कुत्र्याचे डोळे लाल कशापायी? मी सांगितलं, पुस्तकातलं कुत्रं वाईट नाही, नुसतं उपाशी आहे. त्यावर कोणी हसलं नाही. गावोगाव कुत्री उपाशीच होती. आमचे साहेब अंधारातून हात हलवत होते. मी तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर वाचा बसली असती.

शेवटच्या रिळात तळं आलं. सगळा पडदा पाण्यानं भरला. मी माईक खाली केला. बाया पाणी बघत होत्या.

दिवा लागला. मोठे साहेब उठले. आमच्या साहेबांनी मला माईक ठेवायची खूण केली. बाया मात्र उठेनात.

"आता पुस्तकातलं सांग," कोंडाबाई म्हणाली. "मरती कशी ती?"

मोठे साहेब दाराकडं निघाले होते. माईक ठेवावा की नाही, हे मला कळेना. मग मी सांगायला लागले. ती एका दगडाच्या सावलीला बसते. पिल्लांना म्हणते, वारं ओलं यायलंय, नाकासमोर चला. ती निघतात. मागं वळून बघत नाहीत, कारण बघितलं तर पाय निघायचे नाहीत. सावली सरकते, ती सरकत नाही. एवढंच लिहिलंय.

कोणी रडलं नाही. कोंडाबाई पदर सावरत उठली. "हे खरं हाय. पण ते पाठीवर घेतलेलंबी बरं वाटलं."

मी दाराकडं बघितलं. मोठे साहेब नव्हते. घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, नोकरी गेली. त्यानं विचारलं, आता? मी म्हणाले, खडी.

पुढं बरेच दिवस काही कळलं नाही. मग ऑर्डर आली. मला लातूरला घेतलं होतं, टेम्पररीच. का घेतलं, हे कोणी सांगितलं नाही. रहीमभाई म्हणतात, मोठे साहेब दाराबाहेर जीपपाशी उभे होते. ड्रायव्हर दार उघडून थांबला होता, तरी माझ्या सांगण्यातली म्हातारी मरेपर्यंत ते आत बसले नाहीत. रहीमभाईंनी बघितलं असेल. मी बघितलं नाही.

लोक विचारतात, पुस्तक चांगलं का सिनेमा? पुस्तकातली म्हातारी खरी आहे. सिनेमातली त्या दुपारी बायांच्या उपयोगाला आली. पण निवेदनाचं काम करणाऱ्यानं या भानगडीत पडू नये. पेटी आली की आधी एकदा भिंतीवर चालवून बघावी, आणि मगच कोण मरणार ते सांगावं.