नरसिंहाचे भक्त

हैदराबाद संस्थान गेलं आणि आमच्याकडच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूतून मराठीत आला. मी उर्दूत शिकलेलो. माझ्या अक्षरावर मास्तर खूश असत. धाकटा चुलतभाऊ मात्र उर्दूत नापास व्हायचा, म्हणून काकांनी त्याला वऱ्हाडात मामाकडे मराठी शाळेत धाडलं. आम्ही त्याला हसायचो. आता हसायची पाळी त्याची होती आणि तो हसत नव्हता, हे मला जास्त झोंबायचं.

शिकलेल्या मुलाला जाण्यासारखी ठिकाणं तीनच: कचेरी, शाळा आणि मानवतची कापसाची जिनिंग. बेकार मुलं मात्र गल्लोगल्ली. त्यामुळे एक रीत पडली. तंबाखू वाटून खायची, पण रिकाम्या जागेची बातमी कुणाला सांगायची नाही. धुतलेलं धोतर नेसून निघालेल्याला कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "पोखर्णीला, नरसिंहाच्या दर्शनाला." त्या वर्षी देवाचे भक्त फार वाढले.

परभणीच्या कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली, तेव्हा मीही पोखर्णीच सांगितलं. नोकरी लागली तर चारठाण्याची मुलगी मला द्यायची, असा तिच्या वडिलांचा शब्द होता. मुलगी मी पाहिली होती. मला ती फार आवडली होती.

कचेरीच्या पायऱ्यांवर चुलतभाऊ बसलेला.

"दादा, दर्शनाला का?"

"आन् तू?"

"मी बी."

आत दोघांना एक मराठी अर्ज नकलून काढायला दिला. गिरवून गिरवून मी मराठी पक्की केली होती. नक्कल चोख उतरली. फक्त वर तारीख घालताना हात सवयीने चालला आणि मी निजामाच्या दफ्तरातलं फसली साल लिहून मोकळा झालो. पुण्याकडून आलेले हेडक्लार्क कागद बघून म्हणाले, "अहो, ते राज्य गेलं. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

जागा भावाला मिळाली.

मग पारावर लोक त्याला सरकून जागा देऊ लागले. न्हावी माझ्या आधी त्याची दाढी करू लागला. थोड्याच दिवसांत चारठाण्याचे पाहुणे आले. आईने लगबगीने पोहे भिजवले. पाहुणे आमच्या दारावरून पुढे काकांकडे निघाले.

"अवो, दार चुकलं तुमचं," आई म्हणाली.

"चुकलं न्हाई, बाई." मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. "नोकरी त्या घरात हाय. मी तरी काय करू?"

लग्नाची व्यवस्था माझ्याकडे आली. असल्या कामात मी नेटका, आणि रिकामाही मीच. पानसुपारीपासून पाण्याच्या घागरींपर्यंत काही कमी पडू दिलं नाही. सगळ्यांनी वाखाणलं, मला ते ऐकवत नव्हतं. बोहल्यावर चढताना मुंडावळ्या सावरत तो म्हणाला, "दादा, सकाळपासून लय राबायलास. जरा सावलीत बस की."

अक्षता मी जरा जोरातच टाकल्या. एक दाणा त्याच्या डोळ्यात गेला. डोळा चोळत तो हसला, आणि अंतरपाटापलीकडे तीही हसली.