नाव न छापता

"थांब वं, हालू नको."

तिची ओळख या वाक्यापासून. मग समोरच्या मुलीची ओढणी ती दोन बोटांनी उचलायची, दुसऱ्या खांद्यावर टाकायची, ओठांत धरलेली टाचणी लावायची आणि एक पाऊल मागं सरून पाहायची. "आता जाय." आणि ती मुलगी खरोखर वेगळीच चालत निघायची. आसेगावच्या बस स्टॉपवर हे मी दोन वर्षं रोज पाहिलं. मला ती कधी 'थांब' म्हणाली नाही.

मी पत्रकं लिहायची. अजूनही लिहिते. मंगरूळपीरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना संध्याकाळी जादा गाडी हवी, ही तेव्हा आमची मागणी होती. माझ्याकडे दोन कुर्ते होते, दोन्ही मातकट, आणि मला त्याचा अभिमान होता. निदान सभेत मी तसं सांगायची.

तिचे वडील गावालगत भाजीपाला पिकवायचे. तेव्हा श्रीमंत घरची नखरेल पोर डोळ्यांपुढे आणू नका. आठवडी बाजारात ती कापडाच्या ढिगापुढे तासभर बसायची, एकेक तुकडा चिमटीत धरून चोळायची. दुकानदार वैतागायचा.

"घेनं हाय का नुसता हात लावनं हाय?"

"हात लावल्याबिगर कसं घ्याव, काका?"

आणि शेवटी घ्यायची काय, तर हातभर लेस. दुसऱ्या दिवशी तीच लेस भावाच्या जुन्या शर्टाला लागून यायची, आणि त्या शर्टाचं जाकीट झालेलं असायचं. आईच्या विटक्या साडीचा जांभळा कुर्ता, त्यावर मोहरीच्या फुलाच्या रंगाची ओढणी. सगळ्या मुली तिच्याभोवती. मी चार पावलांवर हातात पत्रकं घेऊन उभी. तुम्हीच सांगा, कोणाला राग येणार नाही?

एकदा मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिनं ते वाचलं नाही, बोटांत धरून वाकवून पाहिलं. "कागद कडक हाय वं. अजून चार दे." मला वाटलं, वाटायला नेते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या ब्लाऊजसाठी तिनं त्यातून गळ्याचा कागदी नमुना कापलेला. 'भगिनींनो, जाग्या व्हा' मधल्या भगिनी एका बाजूला, जाग्या व्हा दुसऱ्या बाजूला. "बेस गळा बसला," ती म्हणाली. मुली हसल्या. मीही हसले. आतून पेटले होते.

मग त्याच हिवाळ्यात ती गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नको."

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर एक रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. काचेमागे तीन पुतळे. तिनं एकदा आत जाऊन एका पुतळ्याची ओढणी न विचारता सारखी केली होती. मालकानं, सगळे त्याला शेठ म्हणत, रागवायचं सोडून तिला कामच देऊ केलं. कॉलेज सुटल्यावर दोन तास पुतळ्यांना कपडे चढवायचे, आलेल्या बायांना रंग जुळवून द्यायचे. तिनं वहीत कपड्यांचे नऊ जोड काढून ठेवले होते, बाह्यांसकट.

"बाबा काय म्हणतात?"

"इचार करून राह्यले. सोमवारी सांगतो म्हने." तिनं वही छातीशी धरली. "त्याइनं हो म्हनलं पाह्यजे वं. मले दुसरं काईच येत नाई."

मी दोन वर्षं गाडी मागत होते आणि मला कोणी भीक घालत नव्हतं. हिला न मागता काम मिळालं, ते ओढणी सारखी केली म्हणून. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा 'बाजाराच्या बाहुल्या'. मुलींना नटवून माल खपवणाऱ्या बाजारावर कडाडून टीका होती. त्यातला एकही मुद्दा आजही खोटा नाही. नाव कोणाचंच घातलं नव्हतं. फक्त उदाहरण दिलं होतं: जांभळा कुर्ता, मोहरीपिवळी ओढणी, लेस लावलेलं शर्टाचं जाकीट.

रविवारच्या बाजारात मीच ते वाटलं. आमच्या गावात तो जोड एकीच्याच अंगावर होता. नाव छापायची गरजच उरली नव्हती.

मंगळवारी त्यांच्या घरावरून जाताना तिच्या वडिलांनी मला त्यांच्या दारातच गाठलं. हातात माझं पत्रक, नीट घडी घातलेलं.

"पोरी, दोन डाव वाचलं. बरोबर लिहलं तू. नाव नाई टाकलं, ते बी चांगलं केलं."

"काका, मी बाजाराविरुद्ध लिहिलंय. तिच्याविरुद्ध नाही."

"तेच तं. बाजारात उभी राहू नको म्हनलं तिले."

एवढ्या दिवसांत माझं पत्रक दोनदा वाचणारा हा पहिला माणूस. मी पुढं बोलायला हवं होतं.

ती मागं चौकटीत उभी होती, घरातल्या गाऊनवर. वडील आत गेल्यावर पुढं आली.

"इतकं बारीक तं माह्या मायनं बी नाई पाह्यलं मले. काहून लिहलं वं?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

तिनं माझ्या कुर्त्याकडे पाहिलं, रागानं नव्हे. "तुले घालावंसं वाटत होतं तं मागायचं ना. मी देल्लं असतं."

पुढच्या महिन्यात तिला धनजला मावशीकडे पाठवलं. तिकडच्या कॉलेजात नाव घालू म्हणाले होते. घातलं का, माहीत नाही.

परवा मी त्या दुकानात गेले. शेठनं गाव विचारलं आणि म्हणाला, "तुमच्या गावची एक पोरगी येतो म्हनून गेली, आलीच नाई."

"माझ्यामुळं नाही आली," म्हटलं, आणि पिशवीतलं ते जुनं पत्रक काढून दिलं.

त्यानं टीका वाचली की नाही, कोण जाणे. उदाहरणावर बोट ठेवून तो थांबला. "जोड तं भारी हाय." उठून त्यानं जांभळा कुर्ता काढला, पिवळी ओढणी शोधली, एक जाकीट आणलं आणि मधल्या पुतळ्याला चढवलं. मग दोघं रस्त्यावर येऊन काचेतून पाहत राहिलो. सगळं होतं, आणि काहीतरी साफ चुकलं होतं.

"तुमी तं रोज पाह्यलं तिले," शेठ म्हणाला. "कुठं चुकलं, सांगा."

मी आत जाऊन ओढणी दोन बोटांनी उचलून दुसऱ्या खांद्यावर टाकली, एक पाऊल मागं सरून पाहिलं, तरी ते चुकलेलंच होतं.